कंट्री कथागीताचं यश आणि आपल्या गाण्यांची मोजणी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या कंट्री बॅलडच्या, म्हणजे तिथल्या गावाकडच्या वळणाच्या संगीतातल्या गोष्ट सांगणाऱ्या गाण्याच्या, यशावरचा लेख वाचला. मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रानं या विषयाला एवढी जागा दिली याचा आनंद झाला. मात्र लेखातल्या दोन गोष्टी तशाच राहिल्या तर इथल्या गाणाऱ्यांची दिशाभूल होईल, म्हणून हे लांबलचक पत्र. पहिली गोष्ट म्हणजे बॅलडला सरसकट 'पोवाडा' म्हटलं आहे. दुसरी, 'लोकांनी डोक्यावर घेतलं म्हणून गाणं रातोरात पहिल्या क्रमांकावर गेलं' असं लिहिलं आहे. लोकांनी डोक्यावर घेतलेली गाणी परभणी-बीडकडे काय कमी आहेत? ती कुठल्याच यादीत दिसत नाहीत, कारण ती मोजलीच जात नाहीत. चार्ट, म्हणजे गाण्यांच्या क्रमांकांची यादी, ही गाण्याच्या गुणवत्तेची परीक्षा नव्हे, ती मोजणी आहे. मोजायची पद्धत बदलली की क्रमांक बदलतात, आणि कंट्री संगीताचा इतिहास याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा आहे.

आधी शब्दाचं. पोवाड्याला पराक्रम लागतो, डफ लागतो, तुणतुणं लागतं, मागे झील धरणारे लागतात. कंट्री बॅलडमध्ये बहुधा एकच माणूस गिटारवर एखाद्या घराची, खुनाची, ताटातुटीची गोष्ट सांगतो. आपल्याकडचं त्याचं जवळचं नातं गोंधळातल्या आख्यानाशी आणि जात्यावरच्या ओवीशी लागतं. 'कथागीत' हा शब्द चालेल. त्यात पुन्हा एक मेख आहे. हल्ली रेडिओवाले कुठल्याही संथ प्रेमगीताला बॅलड म्हणतात, मग त्यात गोष्ट असो वा नसो. यादीत 'बॅलड' दिसलं म्हणून ते कथागीतच असेल असं समजू नये.

हे गाणं इंग्लंड-स्कॉटलंड-आयर्लंडकडून अमेरिकेतल्या ॲपलेशियाच्या डोंगरात गेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडी राहिलं. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर यांनी टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी यंत्रं मांडून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स या गाणाऱ्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं. त्या काळच्या दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटंच मावत. मोठी कथागीतं तीन मिनिटांत बसवावी लागली आणि तोच पुढे साचा झाला. कार्टर कुटुंबातले ए. पी. कार्टर डोंगरात फिरून जुनी गाणी गोळा करत आणि त्यांवर स्वतःच्या नावाचा हक्क नोंदवत. ही गोष्ट आम्हाला पटत नाही. पण नोंदणी झाली म्हणून ती गाणी टिकली आणि त्यांचा पैसा त्या घरात आला, हेही खरंच आहे.

आता मोजणी. 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकानं जानेवारी १९४४ मध्ये या संगीताची पहिली यादी काढली, ती ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून गाणं वाजवायच्या यंत्रावर, वाजलेल्या 'फोक' म्हणजे लोकगीतांच्या तबकड्यांची. कंट्रीला तिथं तेव्हा लोकगीतच म्हणत. सगळ्या प्रकारच्या गाण्यांची 'हॉट १००' ही यादी ४ ऑगस्ट १९५८ पासून सुरू झाली. त्यानंतर कितीतरी वर्षं विक्रीचे आकडे फोनवर विचारून घेत. दुकानदार म्हणेल ते खरं. शहरातला दुकानदार स्वतःच्या आवडीचं आणि ज्याचा साठा संपवायचा आहे ते आधी सांगायचा. गावाकडची, मोठ्या स्वस्त दुकानांतली कंट्रीची विक्री त्यात नीट येतच नसे. २५ मे १९९१ च्या यादीपासून अल्बमची मोजणी साउंडस्कॅनवर आली, म्हणजे गल्ल्यावर बारकोड वाचला जाईल तो आकडा. त्याच वर्षी सप्टेंबरात गार्थ ब्रुक्स यांचा अल्बम सर्व प्रकारांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. कंट्रीच्या अल्बमनं असं पहिल्यांदाच केलं होतं. ऐकणारे आधीपासून तेवढेच होते. बदलला होता तो गल्ला मोजायचा मार्ग.

पुढे ऑक्टोबर २०१२ मध्ये कंट्री गाण्यांच्या मुख्य यादीत रेडिओबरोबर डिजिटल विक्री आणि स्ट्रीमिंग, म्हणजे ऑनलाइन ऐकणं, धरलं गेलं आणि निव्वळ रेडिओची यादी वेगळी झाली. म्हणून 'कंट्रीत पहिला क्रमांक' असं कुठं वाचलं की कुठली यादी हे आधी बघावं. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स यांनी गायलेलं 'फास्ट कार' कंट्रीच्या रेडिओ यादीत पहिलं आलं, पण हॉट १०० मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंतच गेलं. दोन्ही विधानं खरी आहेत. आपल्या लेखात या याद्यांची सरमिसळ झाली आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑलिव्हर अँथनी या गायकाचं 'रिच मेन नॉर्थ ऑफ रिचमंड' हॉट १०० मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर आलं. याआधी त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. उघड्यावर, एक गिटार आणि एक आवाज, एवढंच मुद्रण. पहिल्या आठवड्याचे आकडे पाहा. सुमारे १ कोटी ७५ लाख वेळा ऐकलं गेलं आणि १ लाख ४७ हजार प्रती विकत घेऊन उतरवल्या गेल्या. या यादीत विकत घेतलेल्या एका प्रतीचं वजन एका ऐकण्यापेक्षा पुष्कळ जास्त असतं. लोक फुकट ऐकू शकत असताना पैसे देऊन उतरवत होते आणि तिथंच काटा झुकला. हे रातोरात घडलं असं म्हणता येईल, पण त्यासाठी गाणं आधी विक्रीला रीतसर, नावासकट, लावलेलं असावं लागतं.

आपल्याकडे गाण्यांच्या क्रमवारीची गोडी १९५२ मध्ये सुरू झालेल्या रेडिओ सिलोनच्या गीतमालेनं लावली. अमीन सयानींच्या आवाजातल्या 'पायदान' या शब्दानं कितीतरी घरं बांधून ठेवली होती. तिथंही रेकॉर्डच्या दुकानांची विक्री आणि श्रोता संघांची पत्रं हेच मोजमाप होतं. मराठवाड्यातली गाणी मात्र कशी फिरतात? मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून, पेनड्राइव्हवर, व्हॉट्सॲपवर. ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरवर, जयंतीच्या मिरवणुकीत, जागरण-गोंधळात. हजारो कानांवर पडतात, पण यातलं एकही ऐकणं कुठल्या गल्ल्यावर नोंदत नाही. ऑनलाइन गेलं तरी दुसऱ्याच कुणाच्या तरी चॅनेलवर, 'नॉनस्टॉप' म्हणून, गायकाच्या नावाशिवाय. १९९१ पूर्वीच्या कंट्रीची जी गत होती तीच आज या गाण्यांची आहे.

आपली गाणी मोजणीत यावीत यासाठी काम कसं करायचं ते सविस्तर लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी चूक होते ती गाण्यात नव्हे, गाण्यानंतरच्या कामात.

लांबी. अर्ध्या तासाचा पोवाडा एक फाइल करून टाकला, तर पूर्ण ऐकला तरी मोजणी एकच. प्रत्येक चौकाचा, म्हणजे पोवाड्याच्या खंडाचा, चार-पाच मिनिटांचा वेगळा भाग केला तर सहा. तोडायचं ते गद्य निवेदनाच्या जागी. झिलीच्या मध्ये कात्री लावली की 'जी जी जी' अर्ध्यावर तुटतं आणि कान दुखावतो. पण उगाच बारा तुकडेही करू नयेत. २०२४ पासून स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या ॲपवर मागच्या बारा महिन्यांत किमान १००० वेळा वाजलेल्या फाइललाच मुद्रणाची रॉयल्टी मिळते. बारा तुकड्यांतला प्रत्येक ७०० वर अडकला तर हाती शून्य. चार ते सहा भाग हे माप ठीक पडतं.

कापाकापीबद्दल कंट्रीतली दोन उदाहरणं परस्परविरुद्ध आहेत, दोन्ही लक्षात ठेवावीत. मार्टी रॉबिन्स यांचं 'एल पासो' साडेचार मिनिटांच्या आसपास होतं. कंपनीला वाटलं रेडिओ एवढं वाजवणार नाही, म्हणून रेडिओ केंद्रांकडे पाठवलेल्या तबकडीच्या एका बाजूला पूर्ण आणि दुसऱ्या बाजूला तीन मिनिटांचं छोटं रूप दिलं. श्रोत्यांनी आणि निवेदकांनी पूर्ण रूपच उचललं, कारण छोट्यात नायकाच्या पश्चात्तापाचं कडवं गेलं होतं. १९६० उजाडताना ते हॉट १०० मध्ये पहिलं होतं. उलट बॉबी जेंट्री यांचं 'ओड टू बिली जो' मूळ सात मिनिटांच्या जवळपास होतं, ते चारवर आणलं. गोष्टीतला खुलासाच राहिला नाही, आणि गोष्टीत पुलावरून काय टाकलं गेलं या कोड्यानंच १९६७ मध्ये ते चार आठवडे पहिलं राहिलं. म्हणजे काय गाळायचं हे ज्याला गोष्ट कळते त्यानं ठरवावं. मुद्रण करणाऱ्यानं घड्याळ बघून ठरवू नये.

पहिली ३० सेकंदं. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकल्यावरच एक वाजणं धरलं जातं. आपल्या फायलींची सुरुवात होते मंडळाचं नाव, सौजन्य, मग संगीताचा झंकार, मग 'तर मंडळी' यांनी. ऐकणारा पुढं सरकतो आणि मोजणी होत नाही. सौजन्याची घोषणा फाइलमधून काढावी. गण किंवा नमन काढू नये, तो मुजरा आहे. त्याची वेगळी पहिली फाइल करावी. कथेच्या फाइलमध्ये पहिल्या वीस सेकंदांत शब्द सुरू झाला पाहिजे. कंट्री कथागीतात बहुधा पहिल्याच ओळीत गाव, माणूस आणि वेळ येते, आणि हे कसब आपल्या गोंधळ्यांकडेही आहे. परभणीच्या राजारामभाऊ कदमांसारख्या गोंधळ्याचं आख्यान ऐकलं की कळतं, गोष्टीत ओढून घ्यायला त्यांना पाल्हाळ लागत नाही.

मुद्रण. स्टुडिओच पाहिजे असं नाही, पण पत्र्याची खोली नको. दुसरी नसेल तर भिंतींवर आणि दारावर वाकळी टांगाव्यात, खाली सतरंजी. पंखा बंद, बोअरची मोटर बंद, मोबाइल खोलीबाहेर. लॅपटॉप बॅटरीवर चालवला तर विजेची भुणभुण बऱ्याचदा जाते. गाणाऱ्याचा माइक तोंडापासून वीतभर. संबळ एका माइकमध्ये गाण्याबरोबर घेतली तर आवाज गिळते. ती वादकाला दोनेक मीटर मागं बसवून वेगळ्या माइकवर, हातभर अंतरानं घ्यावी. तुणतुण्याची तार फार टोकदार असते, माइक तिच्या थेट समोर न ठेवता थोडा बाजूला धरावा. हलगी शेकून घ्यावी आणि दर दोन गाण्यांनंतर पुन्हा तपासावी, पावसाळी हवेत कातडं लगेच उतरतं आणि मग दोन भागांचा सूर जुळत नाही. सगळ्यात मोठ्या ठोक्याला काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. आवाज फाटला की तो नंतर शिवता येत नाही. हार्मोनियमची पट्टी आणि तुणतुणं आधी जुळवून घ्यावं. आणि गोंधळ्याच्या आवाजावर ऑटोट्यून लावू नये, त्याचे स्वर दोन पट्ट्यांच्या मध्ये मुद्दाम उभे असतात. यंत्र ते 'दुरुस्त' करतं आणि गाण्याचा जीव जातो.

शेवटची फाइल डब्ल्यूएव्ही या न आवळलेल्या प्रकारची, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ किंवा २४ बिट. आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास, शिखर उणे १ डेसिबल. एमपीथ्रीची डब्ल्यूएव्ही करून काही परत येत नाही, गेलेला बारीक आवाज गेलाच. व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवावी, नाहीतर ती आवळली जाते.

नावं. इथं सगळ्यात जास्त गळती आहे. एकाच शाहिराचं नाव रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलं, एकदा 'शाहीर' लावून आणि एकदा न लावता, की ॲपवर तीन वेगळे कलाकार तयार होतात आणि ऐकणारे तिघांत वाटले जातात. एक स्पेलिंग ठरवून कागदावर लिहून ठेवावं. गीतकार, संगीतकार, गायक, झीलकरी यांच्या रकान्यांत पूर्ण नावं भरावीत. शब्द पारंपरिक असतील तर 'पारंपरिक' लिहावं आणि संगीत संयोजन ज्याचं आहे त्याचं नाव द्यावं. भाषा 'मराठी' निवडावी, घाईत 'हिंदी' निवडली जाते आणि गाणं मराठीच्या शिफारशींतून बाहेर पडतं. शीर्षकात 'सुपरहिट', 'डीजे' वगैरे भर घालू नये, फाइल परत येते. नाव-गावाची नोंद कशी ठेवावी याचा नमुना आपल्याकडेच आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राइरकर यांनी जमवलेल्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्यांत बाईचं नाव, गाव, तालुका यांची नोंद आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या भीमओव्या त्यात आहेत आणि 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ऑनलाइन संग्रहात आज नावासह ऐकता येतात. जे काम त्यांनी व्यापाराचा विचार न करता केलं, ते व्यापार करणाऱ्यांना जमू नये हे खटकतं.

क्रमांक. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो, त्यातले दोन देशाचे, तीन नोंदणी करणाऱ्याचे, दोन वर्षाचे आणि पाच गाण्याचे. वितरक, म्हणजे गाणं ॲपांवर पोहोचवणारी कंपनी, तो बहुधा स्वतःच देतो. तो वहीत उतरवून घ्यावा. वितरक बदलला तर जुनाच क्रमांक पुढं द्यायचा, नवा घेतला तर आधीची मोजणी तिथंच राहते आणि गाणं शून्यापासून सुरू होतं. गाण्याची लांबी बदलली किंवा पुन्हा गाऊन घेतलं, तर मात्र नवा क्रमांक हवाच.

चित्र. ३००० बाय ३००० पिक्सेल, चौरस. आपल्याकडचं पोस्टर 'सुपारीसाठी संपर्क' आणि मोबाइल नंबराशिवाय होत नाही, आणि नेमकं तेच चालत नाही. फोन नंबर, पत्ता, दुसऱ्या ॲपचं चिन्ह दिसलं की चित्र नाकारलं जातं आणि आठवडा वाया जातो.

तारीख. जुलै २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात आणि बिलबोर्डचा मोजणीचा आठवडाही शुक्रवार ते गुरुवार धरला जातो. शुक्रवारी आलं तर पूर्ण सात दिवस मिळतात, बुधवारी आलं तर दोन. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर किमान सात दिवस आधी, पण वितरकाची तपासणी धरून तीन-चार आठवडे हाताशी ठेवावेत. १४ एप्रिलचं गाणं दहा एप्रिलला मुद्रित करून चालत नाही. मार्चच्या मध्यावर फाइल गेली पाहिजे. तुळजापूरच्या नवरात्राचं गाणं गणपतीच्या आधी तयार हवं.

पैसे देऊन 'व्ह्यूज' विकत घेणाऱ्यांची टोळधाड अलीकडे वाढली आहे. ते वाजणं ॲप ओळखतं, मोजणीतून काढतं आणि कधी गाणंच उतरवतं. यूट्यूबनंही २०१९ पासून जाहिरातीतून झालेलं पाहणं संगीताच्या याद्यांत धरणं बंद केलं आहे.

राहिला हक्क, आणि खरं तर हाच सगळ्यात मोठा भाग. डॉली पार्टन यांचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' १९७४ मध्ये कंट्रीत पहिलं आलं. एल्व्हिस प्रेस्ली यांना ते गायचं होतं, पण त्यांच्या व्यवस्थापकानं प्रकाशनाचा अर्धा हक्क मागितला आणि पार्टन यांनी नकार दिला. १९८२ मध्ये त्यांचंच नवं मुद्रण पुन्हा पहिलं आलं, आणि १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टन यांच्या आवाजात ते हॉट १०० वर १४ आठवडे अव्वल राहिलं. लेखनाचा हक्क अखंड राहिल्यानं त्याची कमाई पार्टन यांच्याकडे आली. वर सांगितलेलं 'फास्ट कार'ही ट्रेसी चॅपमन यांनी एकटीनं लिहून १९८८ मध्ये आणलेलं. पस्तीस वर्षांनी दुसऱ्याच्या आवाजात ते गाजलं तेव्हा गीतकार म्हणून नाव आणि पैसा त्यांच्याकडे गेला.

आपल्याकडे गीतकार पाच-दहा हजारांत 'सर्व हक्क कायमचे' लिहून देतो आणि विषय संपला असं समजतो. विषय संपत नाही. कॉपीराइट कायद्यातली २०१२ ची दुरुस्ती २१ जून २०१२ पासून लागू आहे. तिच्यानुसार ध्वनिमुद्रणातल्या गीत-संगीताच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणालाही लिहून देता येत नाही, आणि तसा करार केला तरी तेवढ्यापुरता तो रद्दबातल आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून सही करताना 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगभर' हे शब्द शोधावेत आणि खोडायला सांगावेत. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएस या त्यांच्या कॉपीराइट सोसायटीचं आणि गायकांनी इसाम्रा (पूर्वीची इस्रा) या गायक-वादकांच्या हक्कांच्या संस्थेचं सभासदत्व घ्यावं. वाट्याची टक्केवारी मुद्रणाच्या दिवशीच सगळ्यांच्या सह्यांनी लिहून ठेवावी. गाणं चाललं की आठवणी बदलतात.

एक सूचना विशेष. पारंपरिक ओवी किंवा विकत आणलेले तयार ठेके वापरलेलं गाणं यूट्यूबच्या 'कंटेंट आयडी'त, म्हणजे आवाज ओळखून आपोआप हक्काचा दावा लावणाऱ्या यंत्रणेत, टाकू नये. तसं केल्यानं तीच ओवी म्हणणाऱ्या दुसऱ्या बाईच्या व्हिडिओवर दावा लागतो. ओवी कुणा एकाची नाही, मालकी फक्त त्या मुद्रणाची असते.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. बॅलडसाठी 'कथागीत' हा शब्द वापरून लेखातल्या याद्यांची नावं दुरुस्त करावीत. आणि यापुढं जयंतीच्या, नवरात्राच्या पुरवण्यांत एखाद्या गाण्याबद्दल छापाल तेव्हा गीतकार, संगीतकार, गायक आणि वर्ष न चुकता द्यावं, झीलकऱ्यांसकट. उद्या हक्काचा वाद झाला तर तारखेसह छापलेलं ते कात्रण गीतकाराला दाखवता येईल. पुष्कळांकडे दुसरा कागद नसतो.

आपले,
ध्वनिमुद्रण व गाण्यांच्या नोंदणीचं काम करणारे दोघे
अंबाजोगाई, जि. बीड